स्वतःच्या गाडीचा टायर स्वतः बदलायला कसली लाज?



आधी शेतातली नोंद उरकतो. मृगाचा एक बरा पाऊस झाला, पण वाफसा अजून नाही. टोमॅटोचे बेड पाडून झाले, मल्चिंग अंथरलं, ठिबकच्या नळ्या तपासल्या, दोन ठिकाणी उंदरांनी कुरतडल्या होत्या त्या जोडल्या. रोपं नर्सरीत तयार आहेत. लागवड चार दिवस पुढे गेली. म्हणजे रविवार मोकळा मिळाला, आणि त्या मोकळ्या रविवारी जे झालं त्यावर आज लिहितोय. पीकपाण्याचं नाही म्हणून पुढे सरकू नका. ज्याच्याकडे मोटारसायकल आहे आणि शेत घरापासून लांब आहे, त्याच्या कामाचं आहे.

नव्यांसाठी सांगतो. मी राहायला इंदिरानगरला, शेत आंबे बहुल्याच्या शिवारात. पोरांच्या शाळेपायी इकडे आलो, ते राहिलोच. रोज पाथर्डी फाटा, पांडवलेणीच्या डोंगराखालून हायवेने विल्होळी आणि पुढे शिवाररस्ता. गाडी जुनी स्प्लेंडर, तारांच्या चाकाची. युरियाची 45 किलोची गोणी, औषधांचे डबे, डबलसीट मजूर, सगळं तिने वाहिलं.

तर रविवारी सकाळी सातला सोसायटीच्या पार्किंगमध्ये गोणपाट अंथरलं, गाडी मेन स्टँडवर घेतली आणि मागचं चाक खोललं. टायर पार गुळगुळीत झाला होता, नवा आणून ठेवला होता. चाक गोणपाटावर आडवं टाकून गुडघा दाबून बसलो होतो, तेवढ्यात कमिटीतले एक गृहस्थ दूध घेऊन आले. म्हणाले, "काका, हे पार्किंग आहे, गॅरेज नाही." बरोबर आहे. ऑइलचा डाग नको म्हणून तर गोणपाट टाकलं होतं, ते त्यांना दाखवलं. पण ते थांबले नाहीत. "अहो, शे-दीडशे रुपयांसाठी तुम्ही स्वतः कशाला हे करता? बरं दिसत नाही."

शे-दीडशेचं सोडा. हे "बरं दिसत नाही" माझ्या डोक्यातून जाईना.

कोणाला बरं दिसत नाही? माझा हात काळा झाला तर कोणाचं काय बिघडतं? जिमला जाऊन लोखंड उचलणारा बरा दिसतो, जॉगिंग ट्रॅकवर घाम गाळणारा बरा दिसतो, आणि आपल्याच गाडीचं चाक उघडून बसलेला माणूस बिचारा दिसतो. हे गणित मला काही सुटत नाही.

ज्यांना बरं दिसत नाही त्यांनी एकदा आपल्या वडिलांना विचारावं. बजाजची चेतक 1972 साली आली आणि पुढची दोन-तीन दशकं तीच घराघरात होती. तिच्यावर स्टेपनी असायची. नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये नोटा छापणारे, ओझरला एचएएलमध्ये विमानाच्या कामावर जाणारे, शाळामास्तर, बँकेतले साहेब, सगळे पांढऱ्या शर्टात रस्त्याच्या कडेला स्कूटर कलती करायचे, नट सोडायचे, स्टेपनी चढवायचे आणि रुमालाला हात पुसून कामावर जायचे. कोणी त्यांना मेकॅनिक समजलं नाही. त्या चाकाची रिम दोन तुकड्यांची, बोल्टने जोडलेली. हवा पूर्ण सोडायची, बोल्ट काढायचे, रिमच्या दोन वाट्या वेगळ्या व्हायच्या आणि ट्यूब हातात. पट्ट्यासुद्धा लागायच्या नाहीत. (हवा न सोडता ते बोल्ट ढिले करणं मात्र जिवावरचा खेळ. जुनी चेतक अजून कोणाकडे असेल तर लक्षात ठेवा.)

मग मोटारसायकली आल्या. ॲव्हरेज जास्त, चाक मोठं, खड्ड्यात बरी. पण मोटारसायकलला स्टेपनी नाही. स्टेपनी गेली आणि तिच्यामागोमाग हातातली कलाही गेली. एका पिढीत. बापाला चाक बदलता येत होतं, पोराला पंक्चरचं दुकान कुठे आहे तेवढं माहीत, आणि नातवाला मोबाइलवर दुकान शोधता येतं. याला आपण प्रगती म्हणतो.

आता जरा मागचं सांगतो, कारण हे मला वाचलं तेव्हा लई गंमत वाटली. हवेचा टायर चालता केला तो कोणी इंजिनिअरने नाही, जनावरांच्या डॉक्टरने. जॉन बॉइड डनलॉप, बेलफास्टला गुरांचा डॉक्टर होता. पोराच्या तीनचाकी सायकलला दणके बसतात म्हणून त्याने घरच्या घरी रबराची हवा भरलेली नळी चाकाला गुंडाळली. 1888 ला पेटंट घेतलं. त्याच्या आधी थॉमसन नावाच्या माणसाने 1840 च्या दशकात हीच कल्पना मांडली होती, पण ती चालली नाही. डनलॉपची चालली. पण एक अडचण होती, टायर रिमला चिकटवलेला असायचा. पंक्चर झालं की सोलून काढा, डाग द्या, परत चिकटवा, रात्रभर वाळू द्या.

ती अडचण फ्रान्समध्ये क्लेरमाँ-फेराँ गावातल्या मिशलिन भावांनी सोडवली. आता ऐका, त्यांचा कारखाना कशाचा होता? रबरी वस्तूंचा आणि शेतीच्या अवजारांचा. त्यांच्या दारात एक सायकलवाला पंक्चर झालेलं चाक घेऊन आला, तो चिकटवलेला टायर दुरुस्त करताना तासन् तास गेले, आणि त्यातून 1891 साली त्यांनी काढता-घालता येणारा टायर आणला. त्याच वर्षी पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस ही लांब पल्ल्याची सायकल शर्यत त्याच टायरवर जिंकली गेली.

म्हणजे बघा, टायर रिमवरून निघावा हा शोधच मुळी यासाठी लागला की चालवणाऱ्याला वाटेत स्वतःला तो काढता यावा. सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्यासाठी केलेली सोय आपणच नको म्हणतोय. आणि हे म्हणणारे आपण कुठले, तर नाशिकचे. सातपूरला सिएटचा टायरचा कारखाना, गावात टायर बनतो, आणि गावातल्या माणसाला तो चढवता येत नाही.

शहरवाल्यांचं एवढं पुरे. खरा राग मला आपल्याच लोकांचा आहे.

शेतकरी माणूस काय करत नाही सांगा? विहिरीतली मोटर जळली तर पोत्यात घालून वर काढतो. स्टार्टरचे पॉइंट घासतो. पंपाची ग्लँड दोरी बदलतो. ब्लोअरचे नोझल पिनेने साफ करतो, एसटीपीचा वॉशर टाकतो. ट्रॅक्टरचा क्लच सेट करतो. आणि मोटारसायकलचं चाक आलं की हात मागे. "ते पंक्चरवाल्याचं काम." का बरं? अवघड आहे म्हणून? मोटर विहिरीतून काढण्याच्या मानाने हे काहीच नाही. खरं कारण वेगळं आहे आणि ते आपण तोंडाने बोलत नाही. रस्त्याकडेला उकिडवं बसून दुसऱ्याच्या चाकाची घाण काढणं हे आपल्या मनात खालचं काम आहे. ट्रॅक्टरखाली झोपलेला शेतकरी रुबाबदार, पंक्चर काढणारा शेतकरी गरीब. बस, एवढंच आहे.

आणि हेच लोक संध्याकाळी ग्रुपवर लिहिणार की बाहेरच्यांनी येऊन आपले धंदे नेले. हायवेवर कितीतरी टायरची दुकानं केरळची माणसं चालवायची, आता यूपी-बिहारचीही आहेत. त्यांनी काय हिसकावून नेलं का? ज्या कामाला आपण हात लावला नाही ते त्यांनी हातात घेतलं. भर उन्हात, पत्र्याच्या खोपटात. मी तर शिकलोच अशा एका भय्याकडे. तो बोलायचा कमी, पण एक पट्टी माझ्या हातात द्यायचा आणि बोटाने दाखवायचा, इथे. त्याच्याबद्दल एक वाकडा शब्द लिहिणार नाही.

शिकावं का लागलं ते सांगतो.

दोन वर्षांपूर्वी मागचा टायर एका दुकानातून बदलून घेतला. गर्दी होती, पोराने घाईत काम केलं, मी मोबाइल बघत उभा राहिलो. माझीही चूक तीच. दुसऱ्या दिवशी पोरीला मागे बसवून शेतावर निघालो. विल्होळीच्या पुढे समोर गाय आली म्हणून मागचा ब्रेक दाबला तर खालून खट्ट आवाज आला. पुन्हा दाबला, पुन्हा खट्ट. गाडी बाजूला घेऊन वाकून बघितलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मागच्या ब्रेकच्या थाळीला एक लोखंडी पट्टी असते, तिचं दुसरं टोक गाडीच्या चिमट्याला. ब्रेक दाबला की ती थाळी चाकाबरोबर फिरायला बघते, ही पट्टी तिला धरून ठेवते. तिच्या बोल्टला नट, आणि नट निघू नये म्हणून वरून एक पिन. माझ्या गाडीला पिनच नव्हती. नट शेवटच्या आट्यावर लोंबत होता. अजून चार-पाच ब्रेक, आणि ती पट्टी सुटली असती. ती सुटली की थाळी गरकन फिरते आणि चाक जागच्या जागी जाम. हायवेवर. मागून ट्रक. पोर मागे.

मी तारेचा तुकडा शोधला, पिनेच्या भोकात ओवला, पिळला आणि गाडी हळू शेतापर्यंत नेली. पोरीला काही सांगितलं नाही. ती विचारत होती, बाबा हात का थरथरतायत.

दुकानदाराला दोष देत बसलो नाही. दिवसाला पन्नास चाकं खोलणाऱ्याकडून एक पिन राहू शकते. पण ते चाक त्याच्या पोरीचं नव्हतं, माझ्या पोरीचं होतं. तेव्हापासून ठरवलं, शेवटचा नट मी आवळणार.

दुसरं कारण तर तुम्हा सगळ्यांच्या घरचं आहे. शेतीला थ्री-फेज लाइट रात्रीची. रात्री दीडला मोटर चालू करायला जायचं. बांधावर वेडी बाभूळ. काटा घुसला, हवा गेली. रात्री दीडला कोणतं दुकान उघडं असतं? गाडी ढकलत अडीच किलोमीटर हायवेला आणा आणि उजाडेपर्यंत बसा. तोपर्यंत लाइट गेली, पाणी गेलं, बारी गेली. एकदा ढकलून बघा, मग शे-दीडशे रुपयांची भाषा करू. पैसे वाचतात म्हणून मी हे सांगतच नाहीये. पैसे कोणाचेच एवढे वाचत नाहीत. रात्री दीडला आपण कोणाच्या भरवशावर आहोत, तो प्रश्न आहे.

आता काम कसं करायचं ते. सगळं लिहीत नाही, तारांच्या चाकाचं आणि ट्यूबच्या टायरचं लिहितो, कारण शेतावरच्या गाड्या बहुतेक त्याच.

गाडी मेन स्टँडवर. ब्रेकच्या दांड्याचा नट काढा, ती ब्रेकची पट्टी सोडा, एक्सलचा नट काढून एक्सल ओढून घ्या. ओढताना एक बुश खाली पडतो, तो कोणत्या बाजूचा ते आधी बघून ठेवा, मोबाइलवर फोटो काढा. (मोबाइलचा हा उपयोग मला मान्य आहे.) स्प्लेंडरला चेन काढायची गरज नाही, दात्यांची चकती जागेवरच राहते आणि चाक रबरांतून बाजूला निघतं. हवा सोडा, वॉलपिन काढा, वॉलचा नट काढा. पायाने टायरची कड दोन्ही बाजूंनी रिमवरून खाली दाबा.

आता गुपित ऐका. मी पहिल्या वेळी पावणेतीन तास पट्टीवर लोंबकळलो, एक पट्टी वाकवली, कपाळाला एक टेंगूळ घेतलं, कारण हे मला माहीत नव्हतं. टायरच्या कडेत पोलादी तार असते, ती ताणत नाही. कितीही जोर लावा, ताणणारच नाही. पण रिमच्या मधोमध खोलगट चर असतो. पट्टी तुम्ही वॉलजवळ लावली असेल, तर बरोबर समोरच्या बाजूला गुडघा टेकवून टायरची कड त्या चरात उतरवायची. तिकडे कड खाली गेली की इकडे तेवढी ढील मिळते, आणि पट्टी दोन बोटांनी उचलली जाते. बस. ताकदीचं काम नाहीच हे. भय्या बोटाने दाखवायचा ती "इथे" म्हणजे ही जागा.

चढवताना उलटं: शेवट वॉलजवळ करायचा, कारण वॉल चरात बसलेला असतो, तिथे कड खाली उतरत नाही. ट्यूबमध्ये थोडीशी हवा भरूनच आत घाला म्हणजे ती पट्टीखाली चिमटत नाही. टाल्कम पावडर लावा. कडेला साबणाचं पाणी चालतं, ग्रीस-डिझेल नाही, तेलाने रबर खराब होतं. टायरवर बाण असतो, तो चाक फिरतं त्या दिशेला. रिमवरचा रबरी पट्टा जागेवर आहे का बघा, नाहीतर तारांची टोकं ट्यूबला टोचतात.

आणि पंक्चर असेल तर नवी ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतून सगळीकडे हात फिरवा, सावकाश. बाभळीचा काटा वरून मोडतो, आतलं टोक तसंच राहतं. घाईत ट्यूब बदलली की दोन किलोमीटरवर परत बसलेलीच. आपण म्हणतो ट्यूब डुप्लिकेट होती.

हवा किती, ते चेनकव्हरच्या स्टिकरवर असतं. माझ्या गाडीला पुढे 25, मागे एकट्याला 28, डबलसीटला 40. आपण सगळे अंगठ्याने दाबून "ठीक आहे" म्हणतो. अंगठ्याला 28 आणि 18 मधला फरक कळत नाही, गेज घ्या. चेनच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या करा, ब्रेक सेट करा, ब्रेकच्या पट्टीचा नट आणि पिन परत परत बघा. मग गाडी जागेवरच चार वेळा ब्रेक दाबून, नंतर हळू, मगच रस्त्यावर.

मला माहीत आहे खाली काय काय लिहिलं जाईल. "ट्यूबलेसचं काय?" ट्यूबलेसला पंक्चर काढणं उलट सोपं, चाक न काढता सळईने दोरी भरायची, ते किट डिक्कीत ठेवाच. पण ट्यूबलेस टायर घरी बदलणं खरंच त्रासाचं आहे. कड रिमला घट्ट धरते आणि हातपंपाने ती परत बसत नाही, एकदम जोराची हवा लागते. अलॉयला ओरखडे पडतात ते वेगळं. ते दुकानात द्या, पण उभं राहून बघा, आणि नट घरी येऊन तपासा. ॲक्टिव्हावाल्यांनो, जुन्या मॉडेलला मागच्या चाकासाठी सायलेन्सर उतरवावा लागतो, गरम असताना हात लावू नका.

"बायकांनी कसं करायचं?" माझ्या पोरीने, वय चौदा, पुढचं चाक मागच्या महिन्यात माझ्या समोर काढून ट्यूब बदलून परत घातलं. मी फक्त पंप मारला, तो मला मारावाच लागला, ती म्हणाली तेवढं तुम्ही करा. शेतावर जाणाऱ्या किती बाया आता स्वतः गाडी चालवतात, त्यांना हे कोणी शिकवलंय का? स्कूटर शिकवली तेव्हा नवऱ्याने काय शिकवलं, तर पंक्चर झालं की फोन कर.

"पंक्चरवाल्याच्या पोटावर पाय देता का?" नाही हो. माझा भय्या अजून माझ्याकडून टायर विकत घ्यायला लावतो आणि चहा पाजतो. सगळ्या गावाने शिकायचं ठरवलं तरी निम्मे आळशीच राहणार, त्याचा धंदा कुठे जात नाही.

"वेळ नाही." यावर मी काय बोलू. आता मला मागचं चाक पाऊण तास लागतं. दुकानात नंबर लागेपर्यंत तेवढा वेळ तुम्ही फोनवर काढताच.

पावसाळा तोंडावर आहे, म्हणून आत्ताच्या आत्ता एक करा. खाली जाऊन आपल्या टायरच्या बाजूवरचे चार आकडे बघा, लांबट चौकटीत असतात. 2319 असेल तर 2019 सालचा 23 वा आठवडा. दुकानदार "नवा आहे" म्हणतो तेव्हाही हेच बघा, दुकानात पडून पडून रबर कडक झालेला असतो. नक्षीच्या खाचांत छोटे उंचवटे असतात, टायर त्यांच्या पातळीला आला की संपला, मग तार दिसायची वाट बघायची नाही. ओल्या हायवेवर गुळगुळीत टायर म्हणजे काय ते मला वेगळं सांगायची गरज नाही, प्रत्येकाच्या गावात एक तरी माणूस त्याने लंगडतोय.

जुना टायर शेडच्या खांबाला बांधला, बैल अंग घासतात. जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या, ठिबकच्या लॅटरल बांधायला वर्षभर पुरतील.

पार्किंगमध्ये काल नोटीस लागली आहे, "वाहन दुरुस्तीची कामे आवारात करू नयेत". मी वाचली. गोणपाट, दोन पट्ट्या आणि पंप तिथेच मीटरच्या पेटीखाली ठेवला आहे. पुढच्या टायरचा आकडा 1117 निघाला, म्हणजे येत्या रविवारी पुढचं चाक. शेजारच्या विंगमधल्या कॉलेजच्या दोन पोरांनी विचारलंय, काका, आम्ही बघायला येऊ का? म्हटलं, बघायला नको, जुने कपडे घालून या.